यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी आत्मकथनाचा आरंभकाळ

१

मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात १९७८ हे वर्ष विभाजक मानण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. त्या वर्षी दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ आणि १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ अशी एक मालिकाच सिद्ध झाली. वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांतून आदिवासी लेखकांच्या आत्मकथनांचा उल्लेख येतो तो बहुधा ह्या मालिकेच्या शेवटी. आणि ‘दलित आत्मकथनाचा विस्तार’ अशा एखाद्या वाक्यात त्यांची बोळवण होते. कालक्रमाच्या दृष्टीने ह्या मांडणीत चूक नाही. परंतु कालक्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. एका वाङ्मयप्रकाराने दुसऱ्यास धैर्य दिले असेल, वाट दाखविली असेल. तेवढ्यावरून दोहोंचा उगम एक ठरत नाही.

यवतमाळ जिल्ह्यापुरता विचार केला तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘आकांत’ हे आत्मकथन आणि ‘टाहो’ ही कादंबरी लिहिणारे बाबाराव मडावी ह्याच जिल्ह्यातील; ‘उलगुलान’कार भुजंग मेश्राम हेही ह्याच जिल्ह्याचे. अशा लेखकाच्या वाङ्मयीन जीवनाचा आरंभ कोठून धरावयाचा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनतिथीपासून तो धरला तर हाती फारच थोडे लागते. लिखित मराठीत ‘मी’ हे सर्वनाम आदिवासी निवेदकास कसे उपलब्ध झाले, हा प्रश्न विचारला तर मात्र आरंभकाळ बराच मागे जातो, आणि त्यात कवितेला व व्यासपीठावरील भाषणालाही आपापले स्थान मिळते.

२

आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी ह्या गावाच्या नावावरून ‘वून’ जिल्हा म्हणून सरकारी कागदपत्रांत ओळखला जात असे. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडण्यात आला. पूर्वेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा ह्या दोन नद्यांनी जिल्ह्याची सीमा आखली आहे. परंतु ह्या नद्या भाषांच्या सीमा कधीच नव्हत्या. गोंडी व कोलामी ह्या दोन द्राविडी भाषा नद्यांच्या दोन्ही तीरांवर बोलल्या जात आल्या आहेत. दक्षिणेकडे त्यांचा संबंध तेलुगूशी, इतरत्र मराठीच्या वऱ्हाडी रूपाशी आणि बंजाऱ्यांच्या गोरमाटीशी येतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या सुमारे २७ लक्ष ७२ हजार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १८.५ टक्के होते. गोंड, परधान, कोलाम व आंध ह्या त्यांतील प्रमुख जमाती होत. त्यांपैकी कोलामांची गणना शासनाने विशेष दुर्बल आदिम जमातींत केली आहे. त्याच जनगणनेत सर्व भारतात कोलामी मातृभाषा म्हणून नोंदविणारे सुमारे १ लक्ष २८ हजार, तर गोंडी नोंदविणारे सुमारे २९ लक्ष ८४ हजार होते.

ह्या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात यावी. मराठीत लिहिणारा आदिवासी लेखक एकाच प्रकारच्या भाषिक परिस्थितीतून येत नाही. आंध कुटुंबातील मुलास घरची बोली व शाळेची मराठी ह्यांत अंतर जाणवते ते एकाच भाषेच्या दोन रूपांतील. कोलाम मुलाला शाळेत भेटते ती निराळ्याच कुळातील भाषा. परधान व गोंड घरांतून तर एकाच अंगणात आजी गोंडी बोलते, बाप वऱ्हाडी बोलतो आणि मुलगा पाठ्यपुस्तकाची मराठी घोकतो, अशी स्थिती सामान्य आहे. अशा मुलाने पुढे लेखक होऊन स्वतःचे बालपण सांगावयाचे ठरविले की ज्या भाषेत ते घडले त्या भाषेत ते लिहिले जात नाही. अनुवादाचे काम पहिल्याच वाक्यापासून सुरू होते.

३

आत्मकथन लिहिले जाण्यापूर्वी ह्या समाजांचे जीवन कोणी सांगितलेच नव्हते असे नाही. ते तीन आवाजांत सांगितले गेले होते, आणि तिन्हींत ‘मी’ला जागा नव्हती.

पहिला आवाज परधानाचा. परधान हा गोंडांचा वंशपरंपरागत गायक. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा ज्या गटांत गोंड कुळे विभागली आहेत, त्यांच्या उत्पत्तीच्या व पराक्रमाच्या कथा तो किंगरीवर गातो आणि यजमान कुळाकडून त्याबद्दल मान व दान घेतो. हे गायन म्हणजे त्या समाजाचा इतिहासग्रंथच होय. परंतु गायक त्यात स्वतःविषयी बोलत नाही. तो कुळाच्या वतीने, कुळासमोर, कुळाची कथा बोलतो. नागपूर येथे कार्य करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी अशी एक प्रदीर्घ लिंगोकथा टिपून घेतली होती. १८६३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर सर रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले, त्यांत ती छापली गेली. अभ्यासकांच्या जगात ती कथा हिस्लॉप व टेम्पल ह्या नावांनी ओळखली जाते. गाणे परधानाचे, ग्रंथ मात्र दुसऱ्याचा.

दुसरा आवाज मानववंशशास्त्रज्ञाचा. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. गोंड, परधान, कोलाम ह्यांच्यावर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. पुढे भाऊ मांडवकर यांनी ‘कोलाम’ हा मराठी ग्रंथ १९६६ मध्ये लिहून ह्या जमातीची माहिती मराठी वाचकांस करून दिली. ह्या ग्रंथांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यांचे व्याकरण तृतीय पुरुषाचे आहे. ‘कोलाम असे करतात’, ‘गोंडांत अशी चाल आहे’ ही त्यांतील वाक्यांची ठरावीक घडण. व्यक्ती तेथे उदाहरण म्हणून येते आणि नियम सिद्ध झाला की निघून जाते.

तिसरा आवाज भाषापंडिताचा, आणि तो सर्वांत चमत्कारिक आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंडी व कोलामी ह्यांचे वर्णन त्यात आहे. सर्वेक्षणाची ठरलेली पद्धत अशी की, प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर मिळवावयाचे. त्या दृष्टांतात पुत्र प्रथमपुरुषी बोलतो : घर सोडल्याचा पश्चात्ताप व्यक्त करतो आणि बापाजवळ क्षमा मागतो. म्हणजे ज्या पद्धतीने ह्या भाषांची वाक्ये शास्त्रीय ग्रंथात उतरली, तिने ‘मी’ हा शब्दसुद्धा परक्या कथेतील, परक्या पापाची कबुली देणाऱ्या पात्राच्या तोंडी घातला. पुढे मरे एमेनो यांनी वर्धा भागातील कोलामीचे जे वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध केले ते शास्त्रदृष्ट्या फार वरच्या प्रतीचे आहे, आणि आजही त्यावाचून अभ्यासकाचे चालत नाही. परंतु तेथेही बोलणारा माणूस हा सामग्रीचा पुरवठा करणारा, लेखक नव्हे.

४

ही स्थिती पालटण्यास शिक्षणाची आवश्यकता होती, आणि शिक्षणाच्या सवलती कोणास मिळाव्यात हे कायद्याच्या अनुसूचीवर अवलंबून होते. येथे एक गोष्ट वाङ्मयेतिहासकारांच्या नजरेतून सहसा सुटते. १९५६ च्या अनुसूचीप्रमाणे विदर्भातील ह्या जमातींना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो काही तालुक्यांपुरताच. यवतमाळ जिल्ह्यातील त्या वेळच्या पाच तालुक्यांपैकी केळापूर, वणी व यवतमाळ हे तीन त्यांत होते. पुसद व दारव्हा नव्हते. त्यामुळे केळापुरातील गोंड कायद्याने आदिवासी, आणि दारव्ह्यातील त्याचा सोयरा मात्र नव्हे, असा प्रकार होता. लग्नसंबंध एक, देव एक, आडनाव एक. तालुक्याची शीव तेवढी मध्ये. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने दूर झाले.

१९७६ हे वर्ष आणि १९७८ हे वर्ष शेजारशेजारचे आहे. ‘बलुतं’ प्रसिद्ध होत असताना पुसद-दारव्ह्याच्या आदिवासी मुलांना वसतिगृहाचा व शिष्यवृत्तीचा हक्क नुकताच लाभत होता. दलित समाजात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने सुशिक्षितांची एक पिढी १९५० पूर्वीच घडविण्यास प्रारंभ केला होता. आदिवासी आत्मकथन उशिरा आले ह्याची मीमांसा करताना ‘आदिवासी समाज मूक होता’ असे जे म्हटले जाते ते म्हणूनच निराधार ठरते. ज्या समाजात परधानासारखी गायनसंस्था शतकानुशतके चालत आली त्यास मूक म्हणणे हा शब्दांचा अपव्यय होय. उशीर झाला तो लिपीस, आणि त्यास कारण झालेल्या गोष्टींत शासनाची अनुसूचीही होती.

५

१९७९ मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. भद्रावती चंद्रपूर जिल्ह्यात असली तरी वणी तालुक्यापासून ती दूर नाही. मध्ये वर्धा नदी तेवढी आहे. संमेलनाच्या ह्या परंपरेने नव्या लेखकास दोन गोष्टी दिल्या : ऐकणारा समूह आणि बोलण्याचे निमित्त. ह्या काळातील लेखन प्रामुख्याने कवितेच्या रूपाने प्रकट झाले ह्याचे कारण येथेच सापडते. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ आणि खानदेशातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हे दोन्ही संग्रह १९८७ चे. भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ १९९० चा. त्याच वर्षी पालघर येथील आदिवासी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलताना सोनवणे यांनी मौखिक परंपरेस साहित्याच्या कक्षेबाहेर ठेवणाऱ्या विचारावर आक्षेप घेतला होता. कविता ही त्या मौखिक परंपरेस सर्वांत जवळची. ती उभे राहून म्हणता येते, ती समूहाच्या वतीने म्हणता येते, आणि तीत ‘आम्ही’ हे सर्वनाम अवघडल्यासारखे वाटत नाही. परधानाच्या गायनाशी तिचे नाते तुटलेले नसते.

‘उलगुलान’ हे शीर्षक ह्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. हा शब्द मराठी नव्हे, गोंडी नव्हे, कोलामीही नव्हे. तो छोटानागपुरातील मुंडा प्रदेशाचा, १८९९-१९०० मधील बिरसा मुंडांच्या उठावाशी निगडित. यवतमाळच्या कवीने आपल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर तो घातला, तेव्हा त्याने ‘आम्ही’ची व्याप्ती कुळापासून वाढवीत सर्व आदिवासींपर्यंत नेली. मेश्राम यांच्या कवितेत गोंडी, गोरमाटी, वऱ्हाडी अशा अनेक भाषांचे शब्द प्रमाण मराठीच्या शेजारी कसल्याही खुलाशावाचून बसतात. वाचकास ते अडखळवतात. आणि अडखळविणे हाच त्यांचा हेतू आहे असे म्हणावयास हरकत नाही. २००७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. ‘अभुज माड’ हा त्यांचा संग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला.

६

कवितेतील ‘आम्ही’पासून आत्मकथनातील ‘मी’पर्यंतचा प्रवास हा केवळ वाङ्मयप्रकाराचा बदल नाही, तो व्याकरणाचाही प्रश्न आहे. कोलामीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्यास समाविष्ट करणारे एक, आणि त्यास वगळणारे दुसरे. अनेक द्राविडी भाषांचे हे वैशिष्ट्य होय. मराठीतही ‘आपण’ व ‘आम्ही’ असा भेद आहे, आणि तो द्राविडी सान्निध्याचा परिणाम असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या एमेनोंनी १९५५ मध्ये कोलामीचे व्याकरण दिले, त्यांनीच १९५६ मध्ये भारत हे एक भाषाक्षेत्र आहे, भिन्न कुळांच्या भाषा येथे परस्परांच्या सहवासाने समान लकबी उचलतात, हा सिद्धान्त मांडला, हे ह्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्याचा आत्मकथनाशी संबंध असा. कोलाम पोडावर बसून आपल्या लोकांत बोलणारा माणूस समावेशक सर्वनाम वापरतो : आपण जंगलात जात होतो, आपला देव अमुक ठिकाणी होता. तीच गोष्ट तो मराठीत, छापील पुस्तकात सांगू लागला की वाचक बदलतो. पुस्तक विकत घेणारा वाचक पोडावरचा नसतो. म्हणून ‘आपण’च्या जागी ‘आम्ही’ येते, आणि त्या एका शब्दाने वाचक बाहेर उभा राहतो. जे घरात सांगावयाचे ते दारात सांगितले जाते. आदिवासी लेखकाच्या आरंभीच्या गद्यात स्पष्टीकरणांची जी गर्दी दिसते, सणाचा अर्थ, नात्याचे नाव, झाडाचा उपयोग, तिचे मूळ ह्या सर्वनामबदलात आहे. समीक्षकांनी तिला कलेतील उणीव म्हटले. वास्तविक ती श्रोता बदलल्याची खूण आहे.

‘मी’च्या बाबतीत दुसरी एक अडचण आहे. कोलामी व गोंडी ह्यांत प्रथमपुरुषी क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत ‘मी गेलो’ वा ‘मी गेले’ म्हणताक्षणी ते ठरते. मराठीतील ‘मी’ आपल्याबरोबर लिंग घेऊन येतो. द्राविडी घरातून आलेल्या निवेदकास तो पहिल्याच क्रियापदाशी एक नवी पाटी लावतो. ह्याच्या उलट, नजुबाई गावित यांचे ‘आदोर’ पाहावे. १९९५ चे हे आत्मकथन खानदेशाच्या पश्चिम पट्ट्यातील मावची समाजातून आले. मावची ही भिल्ली गटातील, म्हणजे आर्यकुळातील बोली. मराठीशी तिचे नाते दूरच्या बहिणीचे. त्यामुळे गावितांच्या गद्यात बोली मराठीच्या वाक्यात सहज मिसळू शकते. गावित ह्या लेखिका होण्यापूर्वी अनेक वर्षे सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या निवेदनाची पहिली तालीम लोकांसमोर झाली होती. मार्ग भिन्न असले तरी समूहापुढील बोलण्यातून ‘मी’कडे येणे हे दोन्हीकडे समान आहे.

७

आता शीर्षकांकडे वळता येईल. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’, त्याचप्रमाणे भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ ही शीर्षके पाहिली तर ती समाजाने माथी मारलेली नावे आहेत असे दिसून येते. गावाने दिलेला वाटा, गावाने ठरविलेले परकेपण, जन्मावरून दिलेली शिवी, पोलिसांच्या दप्तरातील ठपका. ते नाव स्वतःच मुखपृष्ठावर घालून लेखक ते उलटवितो. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ यांसारखे अपवाद आहेत. तथापि प्रवृत्ती स्पष्ट आहे. बाबाराव मडावी यांची शीर्षके ह्याहून निराळी आहेत. ‘टाहो’ आणि ‘आकांत’ : दोन्ही शब्द आवाजाचे. टाहो फोडावयाचा असतो. आकांत मांडावयाचा असतो. दोहोंतही कोणीतरी ऐकावे ही अपेक्षा गृहीत आहे. गावगाड्यात ज्याला ठरलेली, जरी हीन, जागा होती त्या माणसाचे भांडण त्या जागेशी आहे. गावगाड्याच्या बाहेर, पोडावर व गुड्यावर राहणाऱ्या माणसाचे पहिले भांडण आवाज पोहोचत नाही ह्याच्याशी आहे. ‘दलित आत्मकथनाचा विस्तार’ ह्या वर्णनात हा भेद पुसला जातो.

आणखी एक विशेष. ‘टाहो’ व ‘आकांत’ हे दोन्ही शब्द अस्सल मराठी आहेत; वऱ्हाडातील कोणत्याही खेड्यात ते कळतात. उषाकिरण आत्राम यांनी आपल्या कवितासंग्रहास ‘मोट्यारीण’ हे गोंडी नाव दिले. मेश्राम यांनी मुंडा प्रदेशातील शब्द घेतला. मडावींनी मराठीच शब्द निवडला. ह्या तीन निवडींत तीन भिन्न श्रोते कल्पिलेले आहेत. पहिलीत आपली माणसे, दुसरीत देशभरचे आदिवासी, तिसरीत शेजारचा मराठी भाषक. आत्मकथनाचा श्रोता हा तिसरा असावा ह्यात आश्चर्य नाही. ज्यास आधी काहीच ठाऊक नाही, आणि ज्याने ऐकणे सर्वांत अगत्याचे आहे, त्यालाच स्वतःचे आयुष्य प्रथमपासून सांगावे लागते.

८

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. आदिवासी आत्मकथनकाराचे आरंभीचे लेखन हे त्याच्या ‘खऱ्या’ ग्रंथाची उमेदवारी नव्हे. संमेलनातील कविता व चळवळीच्या सभेतील भाषण ह्यांनी ते काम केले जे अन्य समाजांच्या लेखकांस करावे लागले नव्हते. परधानाच्या ‘कुळा’तून, पंडितांच्या ‘ते’मधून आणि दृष्टांतातील उसन्या ‘मी’मधून त्यांनी निवेदकास स्वतःचा ‘मी’ मिळवून दिला. दुसरा निष्कर्ष अध्यापनविषयक आहे. ही आत्मकथने पदव्युत्तर वर्गांत आदिवासी जीवनाची साधने म्हणून वाचविली जातात. त्यांतील सण, विवाह, वेठ, उपासमार ह्यांच्या याद्या केल्या जातात. तसे करताना रसेल-हिरालालांचा तृतीय पुरुष पुन्हा वर्गात येऊन बसतो, आणि लेखकाने कष्टाने मिळविलेले सर्वनाम त्याच्याकडून काढून घेतले जाते.

ह्यावर उपाय कठीण नाही. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, पुसद येथील संमेलनांच्या स्मरणिका, अल्पायुषी नियतकालिके व हस्तलिखित कवितांच्या वह्या हे ह्या आरंभकाळाचे मूळ साहित्य होय. ते घराघरांत विखुरलेले असते आणि वाळवी व पावसाळा कोणाची वाट पाहत नाहीत. १९७९ नंतर लिहू लागलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. विद्यार्थ्याने ह्या वह्या मिळवाव्या, त्यांच्या लेखकांच्या तोंडून त्या म्हणवून घ्याव्या, आणि कोणत्या वाक्यात ‘आपण’ आहे व कोणत्या वाक्यात ‘आम्ही’, एवढे जरी काळजीपूर्वक टिपून ठेवले तरी यवतमाळ जिल्ह्याच्या वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरण लिहिण्यास आधार मिळेल. त्यासाठी थोडी कोलामी व थोडी गोंडी शिकणे आवश्यक आहे. मराठीच्या विभागात ती अवांतर गोष्ट ठरू नये.